शेवटची वीत

१

सकाळी सातला शटर वर करायचं, माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, भांड्यात भरून त्याची नळी तोंडात धरायची आणि आदल्या दिवशीच्या कामावरून बोटं फिरवायची. चाळीस वर्षं माझा दिवस असाच सुरू होतो. मिनास गावात गाड्यांच्या चामडी सीटा हातानं दुरुस्त करणारा मी आता एकटाच उरलोय. बाकीचे प्लास्टिकच्या खोळी चढवतात आणि त्याला दुरुस्ती म्हणतात. त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही. माझी बायको सुल्मा म्हणते की मी दुसरं काही बोलतच नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. माझा उस्ताद फेर्मिन याच्याकडून ती मला मिळाली. सीट थोडीशीच फाटलेली असली तरी शिवताना शेवटची एक वीत उघडी ठेवायची. मग गाडीच्या मालकाला बोलवायचं, सीटवर बसवायचं, त्याच्या हातात मातेचं भांडं द्यायचं. तो सावकाश पिऊन होईपर्यंत चामडं त्याच्या वजनाला सरावतं. जिथं ताणायचं तिथं ताणतं, जिथं बसायचं तिथं बसतं. मग ती उरलेली वीत शिवून गाठ मारायची. आधी शिवलं तर वर्षाच्या आत टाके उसवतात, हे मी स्वतः पाहिलंय. त्यात जादूटोणा काही नाही. कातडं आहे, त्याला माणूस कळायला वेळ लागतो, इतकंच.

फेब्रुवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या, त्या सोमवारी नेलिदाबाईंची गाडी माझ्या दारात आली. बाई मला शाळेत शिकवायला होत्या, म्हणून माझी साठी झाली तरी मी त्यांना बाईच म्हणतो. गाडी त्यांचा शेजारी चालवत होता आणि बाई मागच्या सीटवर ताठ बसून होत्या, दोन्ही हातांत पर्स धरून.

"शनिवारी यामिलाचं लग्न आहे," बाई उतरता उतरता म्हणाल्या. यामिला त्यांची नात. "तिला चर्चमध्ये या गाडीतूनच न्यायचं, असं तिच्या आजोबांनी कबूल केलं होतं. आता ते नाहीत, तर मी नेणार."

"पण बाई, तुम्ही तर..."

"चौदा महिने चालवली नाही. माहीत आहे मला. तू सीटचं बघ."

पुढची उजवी सीट, म्हणजे ड्रायव्हरशेजारची, डाव्या कडेला फाटली होती.

"कशानं फाटली?"

"आदेमारच्या घड्याळाचा पट्टा अडकला असेल." नवऱ्याचं नाव घेताना बाई दुसरीकडे बघत होत्या. "शनिवारपर्यंत झाली नाही तर मी ती गाडी चालवू शकणार नाही, एल्बिओ. ती फट दिसली की माझ्यानं काहीच होत नाही. पोरीला मी शब्द दिलाय."

वर्गात फळ्याकडे तोंड करूनही कोण गप्पा मारतंय ते ओळखणारी ही बाई. तिनं पर्सचा बंद बोटांना गुंडाळून घेतला होता. मला वाईट वाटलं, आणि मी नको तेवढ्या जोरात म्हणालो, "गुरुवारी या, सीटवर बसायला. तयार असेल."

२

मंगळवारी सीट गाडीतून काढून कामाच्या लाकडी घोडीवर ठेवली. जुनं काम होतं, आत घोड्याचे केस ठासून भरलेले, वर गडद तांबडं चामडं. असं चामडं आता मिळत नाही. अशा वेळी ठिगळासाठी तुकडा त्याच सीटच्या पोटाखालून काढायचा, जिथं कुणाची नजर जात नाही. रंगही तोच आणि वयही तेच.

घड्याळाच्या पट्ट्यानं ते फाटलं नव्हतं. चार चिरा होत्या, एकमेकींना लागून, खाली जाऊन एकत्र झालेल्या. आतल्या केसांत चार खोल भोकं पडली होती. मी सहज त्यात बोटं घातली. चारही बोटं मुळापर्यंत गेली, आणि तरी जागा उरली. माझे हात काही लहान नाहीत. पण डॉक्टर आदेमार गुरांचे डॉक्टर होते, अडलेलं वासरू ओढून काढणारा माणूस. त्यांचा पंजा सगळ्या गावाला माहीत होता.

आत ऊब होती. उन्हाळ्यातली गाडी, तापणारच, असं म्हणून मी कामाला लागलो. केस नव्यानं भरले, ठिगळ आतून चिकटवलं, वाकड्या सुईनं कडा शिवून घेतल्या आणि रीतीप्रमाणे एक वीत उघडी सोडली. बारा वाजता शटर खाली ओढलं आणि वामकुक्षीला घरात गेलो.

आमची झोपायची खोली आणि वर्कशॉप यांच्यात एकच भिंत आहे. फेब्रुवारीत दुपारी बारा ते तीन मिनासमध्ये कुत्रंसुद्धा भुंकत नाही. मी डोळे मिटले आणि भिंतीपलीकडून आवाज आला. चामड्याचा. नवं चामडं वाकवलं की कुरकुरतं, तसा. थोडा वेळ थांबला, परत आला.

"ऐकलंस?" मी म्हणालो.

"तुझं पोट आहे," सुल्मा म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तीनला जाऊन पाहिलं तर ठिगळाची कड उचकटली होती. चार ठिकाणी.

३

मी चामड्याच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही, पण स्वतःची चूक मान्य करतो. डिंक जुना असेल, उकाड्यानं सुटला असेल. नवा डबा फोडला. बुधवारी सकाळी सगळं पहिल्यापासून केलं, टाके दुपटीनं जवळ घेतले. आपलं मांजर नखं मारत असेल म्हणून त्याला अंगणात हाकललं आणि मागचं दार लावून घेतलं.

"बिचाऱ्याला कशाला दोष देतोस?" सुल्मा दारातून म्हणाली. "म्हातारा झालास, हात सुटायला लागला, म्हण की सरळ."

"माझा हात सुटला तर गावातल्या निम्म्या लोकांना जमिनीवर बसून गाडी चालवावी लागेल."

ती हसली आणि गेली. मलाही बरं वाटलं. दुपारी मात्र मी पलंगावर पडून भिंतीकडे कान लावून होतो. साडेबाराच्या सुमाराला आवाज आला, पण कालच्यासारखा नाही. जड माणूस सीटवर सावरून बसतो, तेव्हा चामड्यातून एक लांब हवा निघते. तो आवाज मी आयुष्यात हजारदा ऐकलाय. तो ऐकल्याशिवाय मी शेवटची गाठ मारत नाही.

चपला न घालताच उठलो आणि मधलं दार उघडलं.

वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली होती. सीट घोडीवर होती, आणि तिच्या मधोमध खळगा होता, खोल आणि रुंद. मी बघत असताना तो वर यायला लागला. नवं भरण हात काढताच वर येतं, पापणी लवायच्या आत. हे सावकाश येत होतं. आधी एक बाजू, मग थोडं थांबून दुसरी. गुडघे धरलेला माणूस एकेका पायावर भार देत उठतो, तसं.

भरण दमट असेल, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. घोड्याच्या केसांत ओल धरते. धरतेच. मग शटर वर ओढलं, सगळं दार उघडं टाकलं आणि सुल्मा उठेपर्यंत फुटपाथवर उन्हात बसून राहिलो. शेजारचा न्हावी म्हणाला, "एल्बिओ, डोकं फिरलं काय तुझं, या उन्हात?" मी म्हटलं, हवा खातोय.

डाव्या कडेचे टाके त्या दिवशी शाबूत होते. उघड्या ठेवलेल्या वितीतून मात्र थोडे केस बाहेर आले होते, आणि ते सगळे डावीकडेच पडले होते.

४

गुरुवारी सीट गाडीत परत बसवली. बाई वेळेवर आल्या, शाळेत यायच्या तशा. मी उजवं दार उघडलं आणि त्यांच्यासाठी मातेचं भांडं भरलं.

"बसा बाई. फार नाही, पाच मिनिटं."

बाईंनी सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इथं? ही आदेमारची जागा आहे."

"आता तुम्हीच मालक. तुमच्या वजनाला सरावू दे."

"नाही, एल्बिओ. मागे लागू नकोस. तू बस. तुझं वजन साधारण त्याच्याइतकं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्यासाठी एवढं कर."

फेर्मिन असता तर त्यानं नाही म्हटलं असतं. ज्याची सीट त्यानंच बसायचं, यावर तो गावच्या मेयरशीही भांडला होता. पण बाईंना मला नाही म्हणवेना. दहा वर्षांचा असताना म्हणवलं नव्हतं, साठाव्या वर्षी कुठून म्हणवणार? मी भांडं घेतलं आणि बसलो.

सीट उत्तम झाली होती. माझंच काम, पण खरं ते सांगतो. डावा हात आपोआप कडेवर गेला, उघड्या वितीतल्या फटीवर. मी नळी ओठाला लावली.

खालून चार बोटं माझ्या बोटांत आली.

ओढलं नाही, ओरबाडलं नाही. फक्त आली आणि धरलं, उबदार, खरखरीत, मोठी बोटं. धरायला काहीच न सापडणाऱ्या माणसाला एकदाचं काही सापडलं की तो धरतो, तसं धरलं. मला त्यातलं काही तेव्हा कळलं नाही. मी हात हिसडून ओढून घेतला आणि गाडीच्या बाहेर पडलो. गरम पाणी माझ्या विजारीवर सांडलं होतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"भाजलं. काही नाही."

मी डावा हात एप्रनला पुसत होतो. पुन्हा पुन्हा पुसत होतो. बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पार पांढरा झाला.

"झाली ना सीट?" त्यांनी हळूच विचारलं.

"झाली," मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी सीट पुन्हा बाहेर काढली आणि ती उरलेली वीत शिवून टाकली. घाईघाईत शिवली. चाळीस वर्षांत खोट्यावर मारलेली ती माझी एकमेव गाठ.

५

शुक्रवारी दुपारी सुल्मालासुद्धा ऐकू आलं. ती पलंगावर उठून बसली आणि तिनं माझा दंड धरला.

"एल्बिओ, आत कुणीतरी फाडतंय."

फाडतच होतं. टाके एकामागून एक तुटत होते, मला मोजता येत होते. मग चामडं फाटल्याचा एक लांब आवाज आला, आणि शेवटी धाप लागलेल्या माणसासारखं काहीतरी. मग शांत झालं.

आम्ही दोघं मिळून दार उघडलं. डावी कड पुढपासून मागपर्यंत फाटली होती. घोड्याचे केस जमिनीवर पसरले होते, सगळे एकाच दिशेला, हातभर लांब. सुल्मानं क्रूसाची खूण केली. मी त्या केसांकडे बघत उभा राहिलो. माझ्यातला कारागीर अजून बाकी होता, तो विचारत होता की प्रत्येक वेळी डावीकडेच का? सीट घोडीवर असताना डावीकडे नुसती भिंत. पण गाडीत असताना डावीकडे काय असतं?

गाडीत डावीकडे ड्रायव्हर असतो.

"अगं, तो पळून जायला बघत नाहीये," मी म्हणालो. "तो काहीतरी शोधतोय."

"मग बाईंना सांग," सुल्मा म्हणाली. "आत्ता जा. आणि विजार बदल."

बाईंच्या अंगणात यामिलाचा पांढरा झगा दोरीवर टांगला होता, चुण्या जाव्यात म्हणून. आतून पोरींचं हसणं ऐकू येत होतं. बाई मला मागच्या ओसरीत घेऊन गेल्या. मी सगळं सांगितलं, बोटांचं आणि मी हात ओढून घेतल्याचंही. वाटलं होतं, हाकलून देतील. त्या खुर्चीत बसल्या.

"आम्ही घाटातून येत होतो," त्या म्हणाल्या. "त्याच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून मी चालवत होते. पाऊस होता. त्या घाटात किती वळणं आहेत, ठाऊक आहे ना तुला? त्यानं हात पुढे केला. माझा हात मागत होता. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं." त्यांनी हात तसेच धरून दाखवले. "मी म्हटलं, आदेमार, मला चालवू दे, वळण आहे. तेवढंच म्हटलं. इस्पितळाच्या दारात गाडी थांबवली तेव्हा त्याचा हात चामड्यात रुतला होता. नर्सला एकेक बोट सोडवावं लागलं."

"बाई, तुम्ही हात सोडला असता तर दोघंही दरीत..."

"ते मला कळतं रे. त्याला कळलं का? त्यानं ऐकलेलं शेवटचं वाक्य ते होतं. वळण आहे."

मी त्यांचा विद्यार्थी, त्यांच्यासमोर कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी रडलो.

"मीही त्यांचा हात झिडकारला, बाई," मी म्हणालो. "आता तुम्हीच या. सकाळी सातला. सीटची वीत मी उघडी ठेवतो."

६

रात्रभर झोप नव्हतीच, म्हणून पहाटेच नवी पट्टी शिवायला घेतली. सुल्मा शेजारी बसून दोऱ्याला मेण लावत होती. थट्टा करत नव्हती, त्यामुळे मला जास्तच भीती वाटत होती. शेवटची वीत उघडी ठेवून सीट गाडीत बसवली.

सातला बाई आल्या. केसांना लग्नासाठी कुरळे करायचे रोलर लावलेले, वर रुमाल. त्या डाव्या दारानं आत गेल्या, ड्रायव्हरच्या जागी बसल्या, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. हात तिथून हलेनात. मी मागच्या सीटवरून वाकून बसलो होतो, हातात वाकडी सुई, समोर ती उघडी वीत.

"बाई," मी म्हणालो, "गाडी उभी आहे. वळण नाहीये."

मग त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि हळूहळू शेजारच्या सीटच्या कडेवर उतरला.

रिकाम्या सीटमधून हवा निघाली. मधला खळगा खोल गेला. बाईंनी श्वास आत घेतला आणि डोळे मिटले.

त्यांच्या हाताच्या पाठीवर, सुरकुत्यांत, चार ठिकाणी कातडी दबली. पांढरे चार खड्डे पडले, बोटांच्या टोकांएवढे. माझ्या तोंडापासून ते वीतभरावर होते आणि सकाळचा लख्ख उजेड होता. नजरेचा खेळ म्हणायला मला जागाच नव्हती.

"आदेमार," बाई पुटपुटल्या, "झालं. झालं रे. मी आहे."

मी शिवायला लागलो. एक, दोन, सात, नऊ. शेवटच्या टाक्याशी आलो तेव्हा गाठ आवळायला जागा नव्हती. त्या दोघांचे हात नेमके दोऱ्यावर होते. मी इतका कामात होतो की गिऱ्हाइकाला म्हणावं तसं तोंडातून निघून गेलं.

"डॉक्टर, हात जरा पुढे घ्या."

चारही खड्डे सरकले. बाईंचा हातही त्यांच्याबरोबर सरकला, दोन बोटं पुढे.

"आभारी आहे," मी म्हणालो, आणि गाठ मारली.

७

अकरा वाजता गाडी माझ्या दारावरून चर्चकडे गेली. यामिला मागे बसली होती, सगळी सीट झग्यानं भरून. पुढची उजवी सीट रिकामी होती. न्हावी म्हणाला, "नवरीला मागे का बसवलंय?" मी म्हटलं, झगा मोठा आहे. बाईंनी मला पाहून मान हलवली. त्यांचा डावा हात स्टिअरिंगवर होता. उजवा खाली होता, मला दिसला नाही.

जेवण घाटापलीकडे, डॉक्टरांच्या जुन्या मळ्यावर होतं. हे मला गाडी गेल्यावर सुल्मानं सांगितलं. मी दिवसभर फोनकडे बघत बसलो. एकहाती बाई, त्या घाटात, आणि मागे पोर. मीच तो हात त्यांना धरायला लावला होता. सुल्मानं वाढलेलं ताट तसंच राहिलं.

सोमवारी सकाळी यामिला लग्नाचा केक घेऊन आली. तिला धडधाकट बघून मी हातातली सुई खाली ठेवली.

"आजी काय मस्त चालवते!" ती म्हणाली. "घाटातसुद्धा एकदाही ब्रेक कचकन दाबला नाही. फक्त एक गंमत. प्रत्येक वळणाच्या आधी मोठ्यानं म्हणायची, वळण आहे, घट्ट धर. प्रत्येक वळणाला, न चुकता."

"आणि?"

"आणि काय! मला वाटलं, मलाच सांगतेय. म्हणून मी मागे घट्ट धरून बसले." ती हसली आणि खोकं माझ्यापुढे केलं. "पण एल्बिओकाका, ती मला कायम तुम्ही म्हणते. लाडानं, लहानपणापासून. धर कधी म्हणत नाही, धरा म्हणते."

मी केकचं खोकं उघडलं. सुल्मा आतून सुरी घेऊन आली, आणि आम्ही तिघांनी उभ्याउभ्याच खाल्ला.